‘आपण’ म्हणजे कोण कोण

लूस : मग डेन्मार्कात पोरगं आईकडे पाणी मागतं, तेव्हा काय म्हणतं?

इंगर : ‘पाणी दे’ म्हणतं. दिलं की ‘तक’ म्हणतं. तक म्हणजे आभार.

सुकदेव : आणि ‘कृपा करून’? इंग्रजीत ‘प्लीज’ म्हणतात, तसं?

इंगर : तसा शब्द आमच्याकडे नाही.

सुकदेव : नाहीच? काय सांगता, सिस्टर!

इंगर : हवं ते मागायचं. मिळालं की आभार मानायचे. मधे गूळ कशाला लावायचा? ड्रायव्हर पाणी घेऊन आला का?

सुकदेव : हिलाल एवढ्यात कुठला येतोय! विहीर त्या आमराईच्या पलीकडे, आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर बिडी ओढल्याशिवाय तो हलायचा नाही. जीपचं इंजिनही निवायला पाहिजे. आपला खेळ चालू द्या. छान चाललाय. लूस सिस्टर, मनिलाकडे कसं मागतात पाणी?

लूस : आमचं उलटं. आमच्या टागालोग भाषेत वाक्याला ‘पो’ जोडायचा. समोर वडीलधारं माणूस असलं की पो हवाच. ‘पाणी पो.’ ‘नको पो.’ ‘घरात साप आलाय पो.’

सुकदेव : साप आला तरी पो?

लूस : विसरलं तर आई आधी माझ्याकडे डोळे वटारायची, मग सापाकडे बघायची.

सुकदेव : वा! म्हणजे आमचं ‘जी’. हो जी, आलो जी. तुमची भाषा आमच्या घरातलीच निघाली की. इंगर सिस्टर, रागावू नका, पण तुमची भाषा काही केल्या माझ्या कानात शिरत नाही. परवा धुळ्याला तुम्ही तुमच्या देशाच्या डॉक्टरांशी बोलत होतात ना, तेव्हा मला वाटलं, दोघांच्या तोंडात गरम भरताचा घास आहे आणि गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही.

इंगर : बरोबर आहे. स्वीडनचे लोकही असंच म्हणतात. ते बटाटा म्हणतात.

लूस : तिच्या भाषेत आकडेही तसेच, सुकदेव. सांग ना, इंगर. साठ कसे म्हणतात ते.

इंगर : ‘ट्रेस.’ म्हणजे तीन वेळा वीस. ऐंशी म्हणजे चार वेळा वीस.

सुकदेव : अरेच्चा! इथले अडाणी लोक अस्संच मोजतात, बघा. साठ म्हणायचं सोडून ‘तीन ईसा’ म्हणतात. काल टोचणीला ती म्हातारी आली होती ना, तिला वय विचारलं तर म्हणाली, तीन ईसा आणि वर थोडं. मला हसूच आवरेना.

इंगर : आमचा राजाही तसंच मोजतो.

सुकदेव : तसं नव्हे, सिस्टर... माझ्या म्हणण्याचा अर्थ तसा नव्हता.

लूस : तुमच्या घरी कसं मोजतात?

सुकदेव : आमच्या घरी? आमच्या घरी साठच. म्हणजे मी जळगावला शिकलो. मी शुद्ध मराठी बोलतो. या भागातली बोली जरा मोडकीतोडकी आहे, तिला व्याकरण असं नाही. म्हणून तर आपल्या तुकडीला दुभाषी लागला. नाहीतर बी.सी.जी. म्हणजे काय, हे या लोकांना समजवणार कोण? नवी लस, नवं सरकार, गोऱ्या बाया, सगळंच नवं. त्यांना वाटतं, पोरं बाटवायला आलेत.

लूस : तुमची शुद्ध मराठी मला आवडते. तिच्यात आमचे शब्द सापडतात. आमच्याकडे चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात. शिक्षकाला ‘गुरो’.

सुकदेव : मुख आणि गुरू! संस्कृत, सिस्टर, संस्कृत! एवढा समुद्र ओलांडून गेले शब्द.

लूस : आणि गरीब माणसाला ‘दुखा’ म्हणतात.

सुकदेव : दुःख? आमच्याकडे दुःख म्हणजे मनाचा त्रास. तुमच्याकडे तो गरिबीलाच चिकटला म्हणायचा.

लूस : फार लांब नाही गेला. सुकदेव, ती सकाळची बाई... फाट्यावर उभी होती ती. सकाळपासून मला विचारायचंय.

सुकदेव : कोण? हां, ती. मघाशी सांगितलं ना. आमच्याकडे रीतच आहे. पाहुणा निघाला की त्याला शिवेपर्यंत पोचवायला जायचं. दारातून नुसता निरोप दिला तर पाहुण्याचा अपमान होतो.

इंगर : छान रीत आहे. मी तिला हात केला.

लूस : मीही केला. पण पोचवायला येणारी बाई डोक्यावर गाठोडं घेऊन येते? गाठोड्याला तवा बांधलेला होता.

सुकदेव : बाजाराला निघाली असेल. जाता जाता आपल्यालाही...

लूस : बाजाराला तवा घेऊन? आणि बरोबर ती मुलगी होती. काल शाळेत आली होती तीच. खोकणारी. महिनाभर ताप आहे म्हणत होते, ती.

सुकदेव : असेल. पोरी सगळ्या सारख्याच दिसतात हो.

लूस : मला नाही दिसत सारख्या. तिचा दंड माझ्या दोन बोटांत मावला होता. आणि ती बाई जीपमागे पळत होती, सुकदेव. ओरडतही होती.

सुकदेव : प्रेमळ लोक आहेत, सिस्टर. अडाणी, पण प्रेमळ. एकदा जीव लावला की... हा हिलाल कुठे मेला कोण जाणे! बघून येऊ का मी?

लूस : बसा. खेळ पुरा करू. इंगर, डॅनिशमध्ये ‘वी’ला काय म्हणतात? इंग्रजीतल्या ‘वी’ला?

इंगर : ‘वी’च म्हणतात. दोन अक्षरं. इंग्रजांनी आमच्याकडूनच नेला असेल.

लूस : एकच?

इंगर : आणि किती असणार? मी आणि दुसरे लोक, म्हणजे वी.

लूस : आमच्याकडे दोन आहेत. तू आणि मी भात खाणार असू, तर ‘तायो’. तू ऐकते आहेस, पण ताटावर तू नाहीस, मी आणि माझ्या घरची माणसंच आहेत, तर ‘कामी’.

इंगर : हा फरक कशाला हवा? जेवायला बसलं की कळतंच कोण आहे ते.

सुकदेव : वा वा वा! लूस सिस्टर, टाळी द्या! आमच्याकडेही दोन! अगदी हेच दोन! तुमचं तायो ते आमचं ‘आपण’. तुम्ही-आम्ही मिळून सगळे. आणि तुमचं कामी म्हणजे आमचं ‘आम्ही’. ऐकणारा बाहेर. ‘आम्ही जेवतो’ म्हटलं की समोरच्यानं ओळखावं, आपलं पान मांडलेलं नाही. आणि ‘आपण जेवू’ म्हटलं की त्यानं सरळ हात धुवावे. इंग्रजाला हे कधी कळायचं नाही! तुमच्या-आमच्यात काहीतरी जुनं नातं आहे, नक्की.

लूस : म्हणजे ‘आपण’मध्ये समोरचा माणूस असतोच.

सुकदेव : असतोच! त्याशिवाय आपण होतच नाही.

लूस : काल मी तो शब्द खूप वेळा ऐकला. त्या मुलीच्या आईशी तुम्ही बोलत होतात. मला भाषा येत नाही, पण तेच सारखं कानावर येत होतं, आपण, आपण. मला वाटलं गावाचं नाव आहे.

सुकदेव : बोलण्याच्या ओघात येतो तो शब्द. सवयीचा असतो.

इंगर : थांबा. मला नीट आठवतंय. ती बाई म्हणाली, मुलीला धुळ्याला न्या. मी म्हणाले, नाही. लस निरोग्यांसाठी आहे. आजारी माणूस या गाडीतून नेता येत नाही, नियम आहे. उद्या आम्ही धुळ्याला जाऊ, तिथे मी डॉक्टरांना विचारीन, पुढच्या फेरीत तिला सांगीन. एवढं मी म्हणाले. तुम्ही तिला काय सांगितलंत?

सुकदेव : तेच सांगितलं, सिस्टर. साधारण.

इंगर : साधारण नको. शब्द सांगा.

सुकदेव : असं बघा, तोंडावर ‘नाही’ म्हणणं आमच्याकडे बरं दिसत नाही. बाई पदर पसरून उभी होती. मागे बायांची ही गर्दी. अशा वेळी माणसानं थोडं गोड बोलावं लागतं...

इंगर : शब्द, सुकदेव.

सुकदेव : म्हणालो... ‘बघू आपण. उद्या धुळ्याला जायचंच आहे आपल्याला. करू आपण काहीतरी.’

इंगर : यात माझं ‘नाही’ कुठे आहे?

सुकदेव : आत आहे. म्हणजे ते असतं आत. कचेरीत कुणी अर्ज घेऊन आला की साहेब असंच म्हणतो, बघू आपण, करू आपण. माणूस काय समजायचं ते समजतो आणि घरी जातो. आमच्यात म्हणतात, बोलाचीच कढी, बोलाचाच भात. कुणी खरंच जेवायला बसत नाही.

लूस : ती बसली.

सुकदेव : मला काय माहीत ती बसेल म्हणून!

लूस : तुमचा साहेब तसं म्हणतो, तेव्हा तुम्ही घरी जाता. ठीक आहे. पण एक सांगते. युद्धात जपानी आमच्याकडे आले, तेव्हा आमच्या गावच्या मुख्यानं चौकात उभं राहून सांगितलं, तांदूळ सगळा एका कोठारात भरा, पावसाळ्यात तायो खाऊ. तायो. तुम्ही-आम्ही मिळून. माझ्या आईनं घरातला सगळा तांदूळ नेऊन घातला. पावसाळ्यात कळलं, त्याच्या तोंडात तायो होतं आणि पोटात कामी. माझा धाकटा भाऊ त्या पावसाळ्यात गेला.

इंगर : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

लूस : तुझ्या भाषेत सांगायचं कसं? तुझ्याकडे एकच ‘वी’ आहे.

सुकदेव : लूस सिस्टर, मी त्या माणसासारखा नाही. देवाशपथ नाही. मी नुसतं तिला वाईट वाटू नये म्हणून...

लूस : सकाळी तिला ओळखलंत का?

सुकदेव : सकाळी... धुरळा फार होता.

लूस : ओळखलंत का?

सुकदेव : हो.

इंगर : केव्हा?

सुकदेव : फाट्यावर गाठोडं दिसलं तेव्हाच. हिलाल गाडी हळू करत होता. मला म्हणाला, बाई हात करतेय. मी म्हटलं, चल पुढे, उशीर होतोय.

इंगर : आणि मला सांगितलंत, निरोप द्यायला आलीय.

सुकदेव : तोंडून निघून गेलं.

इंगर : मी तिला हात हलवला. हसून हलवला. ती आजारी पोर घेऊन पळत होती आणि मी राणीसारखी हसत होते. त्या हसण्याचं आता मी काय करू?

सुकदेव : चूक माझी आहे, सिस्टर, तुमची नाही.

इंगर : ती हे कशावरून ओळखणार? तुम्ही माझ्या तोंडचं म्हणून बोललात. माझ्या तोंडून वचन गेलं, तर ते माझं झालं. ड्रायव्हर आला की गाडी मागे वळवायची.

सुकदेव : मागे? पण नियम...

इंगर : नियम मला पाठ आहे. कालच सांगितला. तुम्ही तो तिला सांगितला असतात, तर आत्ता ती घरात सावलीला असती.

सुकदेव : सिस्टर, ऐका माझं. ती आता तिथं नसेलच. इतका वेळ उन्हात कोण बसतं? घरी गेली असेल. आणि आपण... आणि ही गाडी अशी परत गेली, तर सगळा गाव गोळा होईल. काल शाळेत मी केवढं भाषण केलं त्यांच्यासमोर. पाटलानं मला खुर्ची दिली बसायला. मला लाज वाटते हो. खरंच सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं होतंय. तोंड कसं दाखवू मी त्या बाईला?

इंगर : तोंड दाखवू नका. भाषांतर करा.

लूस : हिलाल आला. बादली घेऊन येतोय बघा.

(फाटा. दुपार टळू लागली आहे. रस्त्याच्या कडेला बाभळीच्या विरळ सावलीत धुरपदाबाई गाठोड्यावर बसली आहे. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मुलगी, वेणू. जीप येऊन थांबते.)

धुरपदाबाई : उनात का, भाऊ, मांगे फिरीसन! वेणू, ऊठ, ऊठ बाई. देख, मी सांगं व्हतं ना, येतीन म्हनीसन? झुंबरबाई दोनदा बलावाले उनी. म्हने, चाल घर, त्या काय येतस आते. मी म्हनू, मोठा मानसं ‘बघू’ म्हनतस ते मले बी माहीत शे. पन भाऊ ‘आपण’ म्हनना. मंग तो आपलाले सोडी कसा जाई?

सुकदेव : बाई, जरा शांतपणे ऐकून घ्या. काल आपणांस जे सांगण्यात आलं, त्यात थोडी गफलत झालेली आहे.

धुरपदाबाई : काय झायेल शे?

सुकदेव : गफलत. म्हणजे गैरसमज. आपला गैरसमज झालेला आहे.

धुरपदाबाई : भाऊ, तुमनं शहरनं बोलनं मले अर्धं समजस, अर्धं नही. पन ‘धुळ्याला जायचं आपल्याला’ इतलं बराबर समजनं. रातलेच बकरी झुंबरबाईना दारले बांधी. घरले कडी लाई. भाकरी बांधी लिध्यात, दोन तुमनासाठे बी शेत.

लूस : काय म्हणतेय?

सुकदेव : म्हणते... शेळी शेजारणीच्या दारात बांधून आली. घराला कडी लावली. भाकरी बांधून आणल्यात. आपल्यासाठीही आणल्यात.

इंगर : तुम्ही तिला काय सांगितलंत?

सुकदेव : गैरसमज झाला म्हणून सांगितलं.

इंगर : कुणाचा?

सुकदेव : ...तिचा.

लूस : सुकदेव!

सुकदेव : सांगतो. सांगतोय ना. जीभच उचलत नाही माझी.

धुरपदाबाई : त्या बाया काबरं चिडी राह्यन्यात, भाऊ? तुमले बोली राह्यन्यात का? त्यासले सांग, मी काही राग नही धरेल शे. सकायले धुरळा उडी राह्यना व्हता, गाडी जोरमा व्हती. आमी कोनले दिखनूत नही. ती गोरी बाई हात हालाये, तिले काय म्हाईत बिचारीले. पोरगी रडाले लागनी, तिले बी मी हाईच सांगं. दिखनूत नही आपन त्यासले.

इंगर : आता काय म्हणाली?

सुकदेव : म्हणते, धुरळ्यात आम्हाला ती दिसली नसणार. म्हणते, तिचा राग नाही.

लूस : मग?

सुकदेव : मग काय, सिस्टर. ती मला दार उघडून देतेय. बाहेर पडायला.

लूस : तुम्ही पडणार आहात का?

सुकदेव : ...देखं व्हतं, माय.

धुरपदाबाई : आं?

सुकदेव : देखं व्हतं मी तुले. फाटावर तू उभी व्हती, तव्हयच देखं. डायवर गाडी थांबाडी राह्यना व्हता. मीच त्याले सांगं, चाल. मांगे फिरीसन बी देखं. तू पयी राह्यनी व्हती, तरी चाल म्हनू. काल बी मीच खोटं बोलनू. ह्या बाईनी साफ सांगं व्हतं, बिमार मानूस ह्या गाडीमा लई जाता येत नही. ती ‘नही’ म्हननी व्हती, माय. तिना ‘नही’ मी तुले दिधाच नही. ‘आपण, आपण’ करीसन तुले वाटे लाई दिधं. गैरसमज तुना नही. मना बी नही. मी लबाड बोलनू.

धुरपदाबाई : वेणू, पानी पे बाई. गरम झायेल शे, पन पे.

इंगर : सांगितलंत?

सुकदेव : सांगितलं.

इंगर : सगळं? हात हलवल्याचंही?

सुकदेव : ते तिनंच मघाशी काढलं. तुमच्याकडे ती वाईट नजरेनं बघत नाहीये, सिस्टर. तुम्हाला माहीत नव्हतं, हे तिला ठाऊक आहे. माझ्याकडे मात्र ती बघतच नाही.

इंगर : मग आता हे सांगा. दोघींनी गाडीत बसावं. धुळ्यात डॉक्टर मुलीला तपासेल. खाट मिळेल असं मी म्हणत नाही. औषध मिळेल असंही म्हणत नाही. काहीच नाही झालं, तर त्यांना परत घरी पोचवायचं काम माझं. ‘बघू’ घालू नका. ‘काहीतरी’ घालू नका.

लूस : मी मुलीला मागे माझ्याजवळ घेते. खोकला आला तर तोंडावर धरायला फडकं देते. तसंही सांगा तिला.

सुकदेव : माय, ही बाई सांगी राह्यनी, दोन्हीजनी गाडीमा बसा. धुयामा डाक्टर वेणूले देखी. पन खाट मियीच आसं नही. दवाई मियी आसं बी नही. काहीच नही झायं, ते तुमले घर पोचाडानं काम तिनं. आनि ती दुसरी बाई वेणूले आपलाजोडे लई बसी. खोकला उना ते फडकं धराले दी.

धुरपदाबाई : खाट नही, दवाई नही.

सुकदेव : मियी बी. नही बी मियी. मी हां म्हनत नही, माय. मी काहीच म्हनत नही.

धुरपदाबाई : धुयाले कोन कोन जाई राह्यनं?

सुकदेव : तू. वेणू. ह्या दोन्ही बाया. हिलाल. आनि मी.

धुरपदाबाई : बरं. वेणू, चढ. हयू, हयू. तवा लागी तुना गुडघाले.

लूस : ये, बाळ. इकडे. इथे बस.

धुरपदाबाई : तू कथाना रे?

सुकदेव : एरंडोलकडला. पद्मालयना पल्याड आमनं खेडं शे.

धुरपदाबाई : मायबाप शेतस?

सुकदेव : शेतस. शेती करतस.

धुरपदाबाई : माय घरमा हाईच बोलस?

सुकदेव : हाईच. तिले दुसरं येत नही.

धुरपदाबाई : मी रातले पोरीले सांगी राह्यनू व्हतू, भाऊ शहरना शे. त्याले आपलं बोलनं नीट समजत नही व्हई. म्हनीसन तो असा कोरा बोलना, मनमा काही नही त्याना... म्हंजे काल तुले बठ्ठं समजनं व्हतं.

लूस : काय म्हणाली, सुकदेव?

सुकदेव : म्हणाली, म्हणजे काल तुला माझं बोलणं सगळं समजलं होतं.

इंगर : तुम्ही काय उत्तर दिलंत?

सुकदेव : अजून काही नाही.

लूस : मग द्या.

सुकदेव : हां, माय. बठ्ठं समजनं व्हतं.